चिंचोके, हीर आणि कार्डॅनॉल : प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

सरांनी आज विषय मान्य केला. रेणूची आकृती घ्यायची, तिच्यावरून एखादा अंक काढायचा आणि त्या अंकाचं रेणूच्या गुणधर्मांशी काही नातं लागतं का ते बघायचं. एम.एस्सी. गणिताच्या वर्गात रसायनाकडे वळणारी मी एकटीच. मागच्या बाकावरून "मग लॅबमध्येच जा ना" असा शेरा आला. तेव्हा सांगायला हवं होतं की आपण रोज वापरतो तो 'ग्राफ' (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा) हा शब्द गणिताला रसायनातूनच मिळाला. १८७८ साली गणिती सिल्व्हेस्टरने रेणूंच्या आकृत्यांबद्दल लिहिताना तो पहिल्यांदा वापरला. हे सुचलं ते अर्थातच वेंगुर्ल्याच्या एसटीत बसल्यावर.

शेवटी गाडी काजूच्या टरफलातल्या तेलापर्यंत न्यायची, असं मी मनाशी ठरवलंय. आई काजूच्या कारखान्यात कटरवर बसते. ते तेल मी लहानपणापासून तिच्या बोटांवर बघत आलेय. सरांना अजून सांगितलेलं नाही. आधी हेक्झेन, म्हणजे सहा कार्बनचा साधा रेणू, जमू दे.

११ जुलै, गुरुवार

हायड्रोजन सोडून द्यायचे, फक्त कार्बनचा सांगाडा ठेवायचा. कोणत्याही दोन कार्बनमध्ये किती बंध आहेत ते मोजायचं आणि अशा सगळ्या जोड्यांची बेरीज करायची. हा वीनर निर्देशांक, डब्ल्यू. हॅरी वीनरने तो १९४७ साली ब्रुकलिन कॉलेजमधून मांडला.

वहीत आकृत्या काढून कंटाळा आला, म्हणून माडाच्या झावळीचे हीर आणि चिंचोके घेऊन पडवीत बसले. चिंचोके रात्रभर भिजत घातले होते, नाहीतर दाभण आत शिरत नाही. चिंचोका म्हणजे कार्बन, हीर म्हणजे बंध. सहा चिंचोके, पाच हीर. पाच कार्बनच्या सरळ साखळीत दुसऱ्याला फांदी लावली की २-मिथाइलपेंटेन.

जोड्या एकेक मोजायची गरज नाही, हे हातात मॉडेल असल्यावर फार पटकन कळतं. एक हीर काढून घ्यायचा. सांगाड्याचे दोन तुकडे पडतात. दोन्ही तुकड्यांतले चिंचोके मोजून गुणाकार करायचा, कारण या तुकड्यातून त्या तुकड्यात जाणारी प्रत्येक वाट त्या हिरावरूनच जाते. हीर परत बसवायचा, पुढचा काढायचा. २-मिथाइलपेंटेनमध्ये टोकाचे तीन हीर प्रत्येकी १×५, मग ३×३ आणि २×४. एकूण १५ + ९ + ८ = ३२. वीनरनेही हीच रीत दिली आहे. मला ती सूत्र वाचून समजली नव्हती, हीर उपसल्यावर समजली.

आई कामावरून आली. वहीत "डब्ल्यू = ३२" बघून म्हणाली, "डब्ल्यू बत्तीस? एवढो मोठो गर खंय गावलो गो तुका?" काजूच्या प्रतवारीत डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडात तीनशेवीसपर्यंत गर. डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून टपोरा आणि महाग. पौंडात बत्तीसच बसणारा गर म्हणजे जवळजवळ लिंबाएवढा. हसून हसून हीर सांडले.

१३ जुलै, शनिवार

हेक्झेनचे पाचही समघटक (अणू तेच, जोडणी वेगळी) झाले. सरळ हेक्झेन ३५, २-मिथाइलपेंटेन ३२, ३-मिथाइलपेंटेन ३१, २,३-डायमिथाइलब्युटेन २९, २,२-डायमिथाइलब्युटेन २८.

उत्कलनबिंदू त्याच क्रमाने: ६८.७, ६०.३, ६३.३, ५८.० आणि ४९.७ अंश. आकृती आटोपशीर झाली की डब्ल्यू उतरतो आणि उत्कलनबिंदूही उतरतो. सरळ साखळ्या एकमेकींना लांबवर चिकटतात. गोळा झालेल्या रेणूंना चिकटायला जागा कमी, म्हणून ते लवकर उकळतात. अडतं फक्त ३-मिथाइलपेंटेनपाशी. त्याचा डब्ल्यू २-मिथाइलपेंटेनहून कमी आहे, पण तो उकळतो मात्र ३ अंश उशिरा.

वीनरला हे माहीत होतं. म्हणून त्याच्या सूत्रात दुसराही एक अंक आहे: एकमेकांपासून बरोबर तीन बंधांवर असलेल्या जोड्या किती. सरळ साखळीच्या तुलनेत डब्ल्यू कितीने घटला, त्याला ९८ ने गुणायचं आणि कार्बनच्या संख्येच्या वर्गाने भागायचं. तीन-बंधी जोड्या जितक्या घटल्या त्याच्या साडेपाचपट त्यात मिळवायची. जोड्या वाढल्या असतील तर वजा. जे येईल तेवढ्या अंशांनी उत्कलनबिंदू खाली.

३-मिथाइलपेंटेन: डब्ल्यू ४ ने घटला, जोड्या ३ च्या ४ झाल्या. ४ × ९८ ÷ ३६ = १०.९, त्यातून ५.५ वजा, राहिले ५.४. प्रत्यक्षातला फरकही ५.४. उरलेल्या तिघांचं गणित ८.२, १०.८, १९.१ आणि प्रत्यक्ष ८.४, १०.७, १९.०.

दोनदा करून बघितलं. कॅल्क्युलेटरवर विश्वास बसेना.

१८ जुलै, गुरुवार

पायथनमध्ये लिहायला घेतलं आणि हेक्झेनचा डब्ल्यू ७० आला. तासभर अंतरांचा कोष्टक तपासत बसले. कोष्टक बरोबर होता, बेरीज करताना प्रत्येक जोडी दोनदा मोजली जात होती. निम्मं करायचं राहिलं होतं. सापडलं आणि त्याच क्षणी लाईट गेली.

अंधारात एक जुनी गोष्ट आठवून बरं वाटलं. अल्केनचे, म्हणजे हेक्झेनसारख्या फक्त एकेरी बंधांच्या रेणूंचे, समघटक किती होतात हे आर्थर केली या गणितीने १८७५ साली 'झाडांच्या' (फांद्या असलेल्या पण कडं नसलेल्या आकृत्यांच्या) गणिताने मोजलं होतं. १२ आणि १३ कार्बनसाठी त्याने ३५७ आणि ७९९ दिले. खरे आकडे ३५५ आणि ८०२. केलीही चुकला, तर माझ्या निम्म्याचं काय घेऊन बसायचं? २० कार्बनला हाच आकडा ३,६६,३१९ होतो. एवढे चिंचोके उभ्या सिंधुदुर्गातून जमवावे लागतील.

२२ जुलै, सोमवार

ऑक्टेनचे अठरा समघटक. सगळ्यांचं इथे मांडत नाही, दोनच.

२,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन, म्हणजे पेट्रोलच्या ऑक्टेन मापात १०० धरलेला. डब्ल्यू ६६, तर सरळ ऑक्टेनचा ८४. सूत्राने उत्कलनबिंदू ९८.१ येतो, प्रत्यक्षात ९९.२. चालेल.

२,२,३,३-टेट्रामिथाइलब्युटेन. डब्ल्यू ५८, अठरांत सगळ्यात कमी. सूत्र १०७.९ म्हणतं, प्रत्यक्ष १०६.५. हेही चालेल. मग उत्साहाच्या भरात वितळणबिंदू लावून बघायला गेले आणि तोंडावर आपटले. सरळ ऑक्टेन उणे ५७ अंशांना वितळतो आणि हा पठ्ठ्या अधिक १०० अंशांच्याही वर! म्हणजे घरातल्या तापमानाला तो चक्क घन आहे आणि वितळल्यावर जेमतेम सहा अंशांत उकळतो. रेणू इतका गोल आणि सममित की स्फटिकात लाडू रचावेत तसा रचला जातो. डब्ल्यूला ही रचना दिसत नाही. तो एका रेणूच्या आत चालतो, शेजारी कोण कसा बसलाय हे त्याच्या हिशोबातच नाही.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "हे परिशिष्टात नको, मुख्य प्रकरणात घाल."

२७ जुलै, शनिवार

आजची नोंद लांबणार.

दुसरा निर्देशांक होसोया या जपानी रसायनशास्त्रज्ञाचा, १९७१ सालचा. रेणूतले असे बंध निवडायचे की कोणतेही दोन एकमेकांना टेकणार नाहीत. एकही न निवडणं हीसुद्धा एक निवड. अशा सगळ्या निवडींची संख्या म्हणजे झेड. सरळ साखळ्यांचे झेड काढले: एक कार्बन १, मग २, ३, ५, ८, आणि हेक्झेनला १३. फिबोनाची दिसला: प्रत्येक अंक आधीच्या दोघांची बेरीज. का, ते सूत्राने सिद्ध करून वहीत लिहिलं आणि विसरले.

संध्याकाळी आबांना काय चाललंय ते सांगत होते. आबा निवृत्त मराठी शिक्षक, त्यांना रेणूशी काही देणंघेणं नाही. पण "एकेकटा नाहीतर जोडीने" हे ऐकल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "अगं, हे तर लघु-गुरू."

मी समजले नाही. त्यांनी बोटं पुढे केली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. सहा मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? सगळे लघू, ही एक. एकच गुरू घेतला तर तो पाच जागी बसू शकतो. दोन गुरू सहा तऱ्हांनी. तीन गुरू एकाच तऱ्हेने. एक, पाच, सहा, एक. तेरा.

हेक्झेनचा झेड तेरा. मोकळा राहिलेला कार्बन म्हणजे लघू आणि निवडलेल्या बंधाने जोडलेले दोन कार्बन म्हणजे गुरू. एकही बंध नाही: १. एक बंध: ५. दोन: ६. तीन: १. प्रश्न तोच आहे, चिंचोक्यांच्या जागी मात्रा आल्या इतकंच. छंदशास्त्रात विरहांकाने हा हिशोब केला होता आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही लिहून ठेवला, म्हणजे फिबोनाचीच्या १२०२ सालच्या पुस्तकाच्या आधी. आबांना हेमचंद्र ठाऊक होता, होसोया नव्हता. माझं नेमकं उलटं.

मग फांद्यांकडे वळलो. फांदी असलेली ओळ कोणत्याही वृत्तात बसत नाही, त्यामुळे इथे आबांनी हात टेकले आणि मी एकटीने मोजलं. ३-मिथाइलपेंटेन १२, २-मिथाइलपेंटेन ११, २,३-डायमिथाइलब्युटेन १०, २,२-डायमिथाइलब्युटेन ९. उत्कलनबिंदू ६३.३, ६०.३, ५८.०, ४९.७. डब्ल्यू जिथे अडखळला तिथे झेड सरळ उतरत गेला, दुसरा अंक मदतीला न घेता. अर्थात हा फक्त क्रम आहे. १० वरून ९ वर येताना आठ अंश पडतात आणि ११ वरून १० वर येताना अडीचसुद्धा नाहीत.

मला झेड डब्ल्यूपेक्षा आवडला. त्यातलं किती आबांमुळे, माहीत नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सरांना काजूचं सांगून टाकलं. रसायनाच्या मॅडमना सहमार्गदर्शक म्हणून घे म्हणाले. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "तेल हाताला लावलंयस कधी?"

मी नाही, आईने लावलंय. बी वाफवून थंड झाली की कटरवर एकेक धरायची, पायाने पट्टी दाबायची, पातं टरफलात शिरतं आणि त्या क्षणी टरफलाच्या पोकळ्यांतलं तपकिरी तेल बोटांवर येतं. कामाला बसण्याआधी खोबरेल चोळतात, तरी मोसमाच्या शेवटी आईच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची साल निघते. खाली नवी गुलाबी कातडी येते आणि कडेला काळी रेघ राहते, ती दिवाळीपर्यंत जात नाही.

कच्च्या तेलात मुख्य असतं अॅनाकार्डिक आम्ल. ते तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं: सहा कार्बनचं कडं, त्याला एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि एक सोडून पुढच्या कार्बनला पंधरा कार्बनची लांब शेपटी. यातूनच राळ होते, ब्रेकच्या लायनिंगमध्ये लागणारी भुकटी होते. शेपटीत दुहेरी बंध एकही नसतो, किंवा एक, दोन, तीन. म्हणजे कार्डॅनॉल एक नाही, चौघांचं मिश्रण आहे.

हीर-चिंचोके पुन्हा काढले. बावीस चिंचोके, हायड्रॉक्सिलच्या ऑक्सिजनलाही एक धरून. शेपटी सोपी: १×२१, २×२०, असं १५×७ पर्यंत, बेरीज १४००. हायड्रॉक्सिल २१. कड्यापाशी हाताला वेगळं लागलं, कारण कड्यातला एक हीर काढला तरी तुकडे पडत नाहीत. समोरासमोरचे दोन एकदम काढावे लागतात. असे तीन काप: १९×३, १८×४, १८×४, मिळून २०१. एकूण १६२२.

चौघांचाही १६२२! दुहेरी बंध आहे की एकेरी, हिराला काय कळणार.

६ ऑगस्ट, मंगळवार

ताप. काही नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

दुहेरी बंध आखूड असतो, म्हणून त्याची लांबी एकाऐवजी अर्धी धरायची. ही युक्ती जुनीच आहे. कडं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. शेपटीतले दुहेरी बंध कड्याकडून मोजलं तर आठव्या, अकराव्या आणि चौदाव्या कार्बनपासून सुरू होतात. त्या हिरांचे गुणाकार १०५, ७२ आणि २१. निम्मे वजा करत गेले: १६२२, १५६९.५, १५३३.५, १५२३.

चार वेगळे अंक मिळाले म्हणून खुशीत गेले. सरांनी पाणी ओतलं: "अर्धं का? पाऊण का नाही? चार ठिपके आणि हातात एक मोकळा खुंटा असला तर कोणतीही रेघ जुळवता येते. आधी सांग, हे कशाशी ताडून बघणार आहेस?"

खरं आहे. हेक्झेनला समोर उत्कलनबिंदू होता. कार्डॅनॉलसमोर मी काहीच ठेवलेलं नव्हतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

आयोडीन मूल्य ठेवलं. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं, म्हणजे त्यात दुहेरी बंध किती. कागदावर काढलं: एक दुहेरी बंध ८४, दोन १६९, तीन २५५. जवळजवळ सारख्या पायऱ्या.

माझा निर्देशांक मात्र ५२.५ ने उतरतो, मग ३६ ने, मग साडेदहाने. शेपटीच्या टोकाचा दुहेरी बंध त्याला जेमतेम जाणवतो, कारण त्याच्या पलीकडे एकच चिंचोका उरतो. आयोडीनला टोक आणि मध्य सारखंच. हे जुळायचं नाही, आणि अर्ध्याच्या जागी पाऊण घातल्यानेही जुळायचं नाही: पायऱ्यांचं प्रमाण तेच राहतं. सरांचा मोकळा खुंटा इथे फिरवून उपयोग नाही.

तरी प्रयोगशाळेत मोजून बघू का, असं मॅडमना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बारावीत फिनॉलमध्ये ब्रोमीनचं पाणी घातलं होतंस ना? काय झालं?" पांढरा साका. कडंच ब्रोमीन-आयोडीनसारखे हॅलोजन ओढून घेतं. कार्डॅनॉल फिनॉलच आहे, म्हणजे आयोडीन दुहेरी बंधांना लागेल आणि कड्यालाही लागेल, आकडा फुगून येईल. मोजमापही सगळंच बघतं असं नाही, आणि बघू नये तेही बघतं.

प्रयोग रद्द. कागदावरचे आकडे ठेवले, आणि का रद्द केला ते दीड पान लिहिलं.

२४ ऑगस्ट, शनिवार

मॅडमनी सुचवलं म्हणून कोकमाला हात लावून बघितला. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. त्यात दोन असममित कार्बन, म्हणून चार रूपं, डाव्या-उजव्या हातासारखी. कोकमात मिळतं ते रूप वेगळं, लाल अंबाडीतलं वेगळं. आकृती एकच. डब्ल्यू, झेड, माझा अर्ध्या लांबीचा, सगळ्यांना चारही रूपं सारखीच. आमसुलाची आमटी आणि अंबाडीचं सरबत यांतला फरक सांगणारा अंक हवा असेल तर आधी आकृतीत हात घालावा लागेल. ते या प्रकल्पात नको. एक परिच्छेद लिहिला आणि सोडून दिलं.

१ सप्टेंबर, रविवार

अॅनाकार्डिक आम्लाचाही डब्ल्यू काढला, पूर्णपणे हाताने: पंचवीस चिंचोके, २१७४. प्रोग्रामही २१७४ म्हणाला, या वेळी निम्मं करायला न विसरता.

आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिला दोन्ही अंक दाखवले. हा तापवण्याआधीचा, हा तापवल्यानंतरचा. तिने विचारलं, "आणि हात भाजता तो खंयचो?" मी म्हटलं ते यावरून कळत नाही. "मगे ह्यां सरांका सांगलंस?"

सांगितलेलं नाही. तक्त्यात उत्कलनबिंदू, वितळणबिंदू, आयोडीन मूल्य असे स्तंभ आहेत. त्वचेचा नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

कच्चा मसुदा सरांना मेल केला, सदतीस पानं. त्वचेचा स्तंभ घातलाय, रिकामा. खाली दोन ओळींत लिहिलंय की या रेणूंसाठी तो भरायला काय काय लागेल. सर काढायला सांगतील बहुतेक.

परवा चतुर्थी. काका-काकी मुंबईहून आलेत. चुलतभावाने पडवीतलं बावीस चिंचोक्यांचं कार्डॅनॉल उचलून माटवीला (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची चौकट) कवंडळाच्या शेजारी बांधलंय आणि आबांनी त्याला हरकत घेतलेली नाही. शेपटी मूर्तीवर लोंबत होती म्हणून टोकाचे दोन चिंचोके त्याने तोडून टाकले. विसर्जन झाल्यावर परत जोडीन.